विनातिकीट ठोके

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ते फुकट्या प्रवाशासारखे असतात बघा. चालत्या गाडीत चढतात, शेवटच्या सीटवर जाऊन बसतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात. मी जन्मभर एस.टी.त तिकीट तपासनीस होतो, त्यामुळं खिडकीबाहेर बघणारा माणूस मला लगेच कळतो. यवतमध्ये आता मला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे ‘चेकर’ म्हणतात. बायकोसुद्धा!

आमचा सकाळी फिरायला जायचा ग्रुप आहे. कॅनॉलच्या कडेनं पुलापर्यंत जायचं, परत यायचं, हायवेवरच्या मंदाताईंच्या हॉटेलपुढं बाकड्यावर बसायचं आणि जेवढं चाललो त्याच्या दुप्पट बोलायचं. ग्रुपमध्ये मी, भांडगावचे आप्पा, राहूचा प्रवीण, स्वतः मंदाताई आणि त्यांचे मिस्टर दिलीपराव. पूर्वी आम्ही नुसतं चालायचो. मग मनगटावर घड्याळं आली, मोबाईलमध्ये ॲप आलं, आणि तेव्हापासून एकाचाही दुसऱ्यावर विश्वास राहिला नाही.

*

पहिलं घड्याळ आलं ते आप्पांच्या हातात. आप्पा सत्तरीच्या पुढचे, पण आवाज असा की सोसायटीच्या सभेत त्यांना माईक देत नाहीत. वहिनी गेल्यापासून घरात एकटे. सोबतीला राणी नावाची म्हैस. मुलगा संदीप पुण्यात मोठ्या कंपनीत. गेल्या उन्हाळ्यात चाऱ्याचा भारा उचलताना आप्पांना चक्कर आली आणि ते गोठ्यातच बसले. बसले म्हणजे पडले, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नाही.

संदीप गाडी घेऊन पळत आला. दौंडच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, हृदय चांगलं आहे, रोज चाला, फक्त ओझी उचलू नका. पण संदीपचं समाधान होईना. त्यानं वडिलांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधलं, त्याचं ॲप दोघांच्याही मोबाईलवर टाकलं आणि अट घातली, “आप्पा, ठोके ठरल्यापेक्षा वर गेले किंवा बंद दिसले की माझ्याकडं अलार्म वाजणार. एक अलार्म माफ. दुसरा वाजला की सरळ पुण्याला, माझ्या फ्लॅटवर. कायमचं! म्हैस विकून टाकायची.”

आप्पांनी शब्द दिला. देऊन बसले आणि मग घाबरले.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर त्यांनी माझ्यापुढं हात धरला. “चेकर, तुमची नजर हाय. बघा बरं, हे टायम दाखवायला हाय का माझ्यावर पाळत ठेवायला?”

मी चष्मा लावला. घड्याळ उलटं केलं. खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकत होता. मी म्हटलं, “आप्पा, दिवा वरच्या अंगाला असता तर तुमच्यासाठी असता. आतल्या अंगाला आहे, म्हणजे कुणीतरी आत बघतंय.”

तेव्हापासून आप्पा संदीपबद्दल काही बोलायचं असलं की आधी तो हात पाठीमागं धरतात!

*

ॲप मराठीतही चालतं हा शोध प्रवीणचा. प्रवीण एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. छातीला पट्टा, हाताला घड्याळ, कानात बोंडं, असा सगळा सरंजाम लावून फिरायला येतो आणि ‘झोन टू, झोन थ्री’ असं काहीतरी पुटपुटत चालतो. त्यानं आप्पांच्या मोबाईलवर चार-दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, “घ्या आप्पा, आता सगळं आपल्या भाषेत.”

ते मराठी कुणी लिहिलं होतं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी आप्पा चहाची वाट बघत बसले होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. त्यांनी तो लांब धरला आणि मोठ्यानं वाचलं, “तुमचे हृदय विश्रांतीवर आहे.”

दिलीपरावांनी हातातली किटली खाली ठेवली.

“विश्रांतीवर म्हंजी?” आप्पांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला.

“म्हंजी रजेवर असंल,” दिलीपराव म्हणाले.

“भरपगारी का बिनपगारी?” मी विचारलं. हे विचारायला नको होतं. आप्पा पांढरेफटक पडले.

त्यांनी मनगट दाबलं, गळा चाचपला आणि मला म्हणाले, “चेकर, हात लावून बघा की, चालू हाय का बंद?” मी त्यांची नाडी धरली, पण माझीच एवढी धडधडत होती की कुठला ठोका कुणाचा ते कळेना. प्रवीण बोंबलून सांगत होता, “अहो, माणूस बसलेला असताना पडतात त्या ठोक्यांना रेस्टिंग म्हणतात, त्याचं हे भाषांतर केलंय!” पण ऐकतंय कोण? मंदाताई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

तेवढ्यात मोबाईल परत वाजला. आप्पांनी एक डोळा मिटून वाचलं, “अभिनंदन! तुमचा व्यायाम सुरू झाला आहे.”

*

ॲपवर आमच्या ग्रुपचा रोज नंबर लागतो. कोण किती चाललं, कोण किती वेगानं चाललं. पहिला नंबर कायम प्रवीणचा. असू दे, तरणा गडी आहे. पण एक दिवस तो फिरायला आलाच नाही. कंपनीत लवकर बोलावलंय म्हणाला. आणि दुपारी बघतो तर प्रवीण पहिला! राहू ते यवत धावत! वेग असा की ऑलिम्पिकवाल्यांनी त्याच्या दारात येऊन बसावं.

माझ्या डोक्यात लगेच घंटी वाजली. दुसऱ्या दिवशी त्याला बाकड्यावर बसवला आणि म्हटलं, “मोबाईल दाखव.” चेकर कधी तिकिटाच्या रंगावर जात नाही. मी पडदा खाली सरकवत सरकवत ठोक्यांपाशी आलो. वेग मोटारसायकलचा आणि ठोके पेपर वाचत बसलेल्या माणसाचे! खाली ॲपनं कौतुकानं सल्लाही दिला होता, “तुमचा वेग उत्तम आहे. आणखी थोडा जोर लावा.”

“प्रवीण,” मी म्हटलं, “पाय धावतायत आणि काळीज झोपलंय, हे कसं काय रे बाबा?”

“काका, गाडीवर बसताना बंद करायचं राहिलं...”

“राहिलं न्हाई, ठेवलं!” आप्पा गरजले.

मी जुन्या सवयीनं उभा राहिलो, हात पुढं केला आणि ओरडलो, “विनातिकीट! उतरा खाली!” सगळे एवढे हसले की हायवेवरची माणसं वळून बघायला लागली. त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा प्रवीणनं पाजला. तेव्हापासून आमच्यात रीतच पडली. कुणाची लबाडी सापडली की ‘विनातिकीट’ म्हणून ओरडायचं आणि दंड म्हणून त्यानं चहा पाजायचा.

*

मग मला एक शंका आली. शंका मला रोज येतात, पण ही कामाची होती. ठोके जर माणसाची लबाडी दाखवत असतील तर धावायचं कशाला? बसूनच तपासू की! प्रवीणच्या छातीच्या पट्ट्याला पाणी लावलं की तो ठोके अगदी बरोबर धरतो. एकानं पट्टा बांधायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि प्रवीणनं मोबाईलवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा. आकडा उडाला की विनातिकीट! या खेळाला आम्ही ‘तिकीट दाखवा’ म्हणायला लागलो.

पहिली पाळी दिलीपरावांची. दिलीपराव गरीब माणूस. त्यांना शुगर आहे, आणि त्यांच्या शुगरवर मंदाताईंची करडी नजर आहे. आधी मी विचारलं, “काल वडापाव किती गेले?” त्यांनी सांगितलं. आकडा जागचा हलला नाही. आप्पांनी विचारलं, “माझ्या चहात पाणी जास्त घालतोस का?” त्यालाही ‘नाही’ म्हणाले, आणि आकडा गप्प! आप्पांना जरा वाईटच वाटलं.

तेवढ्यात आतून पदराला हात पुसत मंदाताई आल्या. “पाटसच्या लग्नात काय जेवलात हो?”

“वरण-भात,” दिलीपराव म्हणाले आणि प्रवीण किंचाळला, “उडाला!”

“विनातिकीट!” आम्ही सगळे.

“जिलेबी खाल्ली,” दिलीपरावांनी मान खाली घातली. “पण सगळेच खात व्हते!”

“आता तरी खरं बोलताय ना?” मंदाताईंनी विचारलं.

“व्हय.” आकडा आणखी वर!

“बरं, चहा घेणार का?” आकडा वर. “आज वार कुठला?” “गुर... गुरुवार.” आकडा वर! आणि त्या दिवशी गुरुवारच होता. मंदाताई म्हणाल्या, मशीन बिघडलंय. प्रवीण हळूच म्हणाला, “ताई, मशीन ठीक आहे. आकडा प्रश्नाला उडत नाही, तुम्हाला उडतोय.”

तिथं आम्ही एक नियम केला, बायकोनं विचारलेला प्रश्न तपासणीत धरायचा नाही. पण माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला. ठोका खोटं बोलल्यानं वाढतो, का विचारणारं माणूस बघून वाढतो? यावर आमचा अजून निकाल लागलेला नाही.

*

आता पहिल्या अलार्मचं ऐका. मी घरी दाढी करत होतो. फोन आला. संदीप! “चेकरकाका, आप्पांचे ठोके बंद दाखवतायत! मी मीटिंगमध्ये आहे, आप्पा फोन उचलत नाहीत, तुम्ही पळा!”

मी अर्ध्या दाढीनं पळालो. रस्त्यात प्रवीण भेटला, त्याच्या गाडीवर मागं बसलो. संदीपनं कुणालाच सोडलं नव्हतं. दूध डेअरीवाल्याला फोन, सरपंचांना फोन, शेजारच्या मावशींना फोन. आम्ही भांडगावात पोचलो तर आप्पांच्या घराकडं निम्मं गाव धावतंय! कुणी हुंगवायला कांदा फोडून आणतंय, कुणी नुसतंच ‘आप्पा, आप्पा’ करतंय.

गोठ्यात जाऊन बघतो तर आप्पा राणीची धार काढत बसलेले. घड्याळ खुंटीला टांगलेलं.

“आप्पा!” मी ओरडलो. “घड्याळ का काढलं?”

“मग? हात भिजत्यात. आन् त्ये गार लागतंय म्हून राणी लाथ मारती.” त्यांनी आमच्याकडं वळून बघितलं, मागं सगळं गाव बघितलं, आणि मला म्हणाले, “कुणाला काय झालं?”

सरपंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून धापा टाकत होते. मावशींना पाणी द्यावं लागलं. प्रवीणच्या मनगटावरचं घड्याळ कोकलत होतं. माझी अर्धी दाढी वाळून गेली होती. त्या दिवशी भांडगावात ज्याचे ठोके नीट होते असा माणूस एकच, आप्पा!

पण संदीपनं ऐकलं नाही. “हा पहिला. माफ केला. आता पुढचा वाजला तर मी गाडी घेऊन येणार.” त्या दिवसापासून आप्पा राणीच्या अंगावरून हात फिरवायचे तोसुद्धा घड्याळाचा हात लांब ठेवून.

*

अशात शिरूरकडं बैलगाडा शर्यत लागली. आप्पांच्या भाच्याची बैलं उतरणार होती. बैल सुटताना बघायचे आणि ठोके वाढू द्यायचे नाहीत, हे कुणाला जमलंय? आप्पा दोन दिवस जेवले नाहीत नीट. शेवटी म्हणाले, “चेकर, ह्ये घड्याळ दुसऱ्या कुणी घातलं तर त्याला कळतंय का हो?”

मी या धंद्यातला माणूस. दुसऱ्याच्या पासावर प्रवास करणाऱ्यांना मी जन्मभर उतरवत आलो. म्हटलं, हे मला सांगू नका, मी ऐकलंच नाही. पण प्रवीणनं डोकं चालवलं. सगळ्यात शांत माणूस कोण? दिलीपराव. दिलीपराव कधी घाबरतात? मंदाताई बोलल्या की. मग मंदाताईंनी एक दिवस बोलायचंच नाही! मंदाताईंनी आप्पांच्या गळ्याची शपथ घेतली. आप्पांनी घड्याळ दिलीपरावांना बांधलं आणि भाच्याच्या जीपमध्ये बसून शिरूरला गेले.

दुपारपर्यंत सगळं ठीक. मंदाताई गल्ल्यावर बसून होत्या, तोंडातून शब्द नाही. गिऱ्हाईकाला बोटानं दर दाखवत होत्या. दिलीपराव पहिल्यांदा बघत राहिले. मग कढईतल्या भज्यांकडं बघायला लागले. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “चेकर, ही अशी का बसलीय? काय कळलंय का तिला?”

“अहो, शपथ घेतलीय त्यांनी. तुम्हाला माहीत आहे की!”

“त्ये खरं. पण येवढी गप्प? माझ्याच्यानं काय झालंय का?”

आकडा चढायला लागला. ती गप्प, म्हणून हे घाबरलेले. हे घामाघूम, म्हणून ती आणखी टक लावून बघणार. संध्याकाळपर्यंत दिलीपराव एका स्टुलावरून हलले नाहीत आणि ठोके मात्र डोंगर चढत होते! अलार्म वाजायला थोडकंच राहिलं तेव्हा मी हात जोडले, “मंदाताई, काहीतरी बोला हो!”

मंदाताई कडाडल्या, “भजी करपली की मेल्यांनो!” आणि दिलीपरावांचे ठोके सरसर खाली आले.

आप्पा शिरूरहून गुलालानं माखून परत आले. भाच्याची बैलं पहिली आली होती. त्यांनी घड्याळ परत बांधलं, तेवढ्यात संदीपचा फोन. “आप्पा, आज एकाच जागी बसून एवढे ठोके का वाढत होते?”

आप्पांनी दिलीपरावांकडं बघितलं आणि म्हणाले, “संसारात व्हतंय आसं कवा कवा.”

*

इथून संदीपला संशय आला, आणि तो मलाच फोन करायला लागला. सकाळी फोन, दुपारी फोन. “काका, आप्पांचे ठोके आता तर रोज संध्याकाळी चढतात. ठराविक वेळेला. बसल्या जागी! तुम्ही जरा बघा ना, त्या वेळेला ते करतात काय?”

मी हो म्हटलं. पण फोन ठेवल्यावर माझी जुनी सवय जागी झाली. मोठ्या कंपनीतला माणूस. पूर्वी फोन केला की ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणायचा. आता दिवसभर बापाचे ठोके बघत बसायला याला वेळ कुठून मिळतो? पण ते राहिलं. पोराला बापाची काळजी आहे म्हटल्यावर काय बोलणार?

एका संध्याकाळी मी भांडगावला आप्पांच्या अंगणात जाऊन धडकलो. “जयभीम, आप्पा!”

“जयभीम, चेकर! बसा.” आप्पा बाजेवर बसलेले. मांडीवर मोबाईल. ना चढणं, ना उतरणं, ना ओझं. मी तिरक्या नजरेनं घड्याळ बघत होतो. सूर्य कलला तसा आकडा चढायला लागला. माझ्याशी बोलताना त्यांचं लक्षच नव्हतं. मग मोबाईल वाजला. संदीप.

“जेवलास का?” आप्पांनी विचारलं. तिकडून काहीतरी. “व्हय... न्हाई... बघू की... पुण्याला? बघू की रं.” फोन ठेवला आणि आकडा हळूहळू उतरला.

चेकरनं चोर पकडला! दुसऱ्याच दिवशी मी संदीपला सांगितलं, “अरे बाबा, तूच वाढवतोस त्यांचे ठोके. रोज फोन करून ‘पुण्याला कधी येताय’ विचारतोस, त्याची धास्ती घेतलीय त्यांनी. थोडे दिवस फोन करू नकोस.” संदीपनं ‘नक्की ना, काका?’ असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, “बरं.”

पहिल्या संध्याकाळी फोन नाही. ठोके चढले आणि उतरलेच नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मंदाताईंना मी हे सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो चेकरभाऊ, तुम्हाला तिकिटं कळतात, माणसं न्हाई कळत! म्हातारं धास्ती न्हाई घेत, वाट बघतंय!”

मी म्हटलं, उद्याच संदीपला सांगतो. पण उशीर झाला होता. त्याच संध्याकाळी आप्पांचा मोबाईल वाजला. आप्पा बाजेवरून ताडकन उठले, चष्मा न लावताच फोन कानाला लावला आणि ओरडले, “संद्या, आरं हायस कुठं?”

तिकडून एक बाई म्हणाली, “सर, आप को क्रेडिट कार्ड चाहिए?”

आप्पांनी तिला जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. ते सुनावता सुनावताच दुसरा अलार्म वाजला.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅनॉलवरून परत आलो तर हॉटेलपुढं संदीपची गाडी. मागची सीट सामानासाठी मोकळी केलेली. दिवस मंगळवार, ऑफिसचा! मी ते मनात नोंदवलं. पोरगं उतरलं आणि आप्पांच्या पाया पडलं. मंदाताई डोळ्याला पदर लावायला लागल्या. दिलीपरावांनी न विचारताच चहा ओतला. मी तर कुणाकडं बघतच नव्हतो. फोन बंद करायला सांगणारा मीच की!

“आप्पा, दौंडला डॉक्टरांना दाखवू आणि मग तसंच पुण्याला जाऊ,” संदीप म्हणाला. “तुम्ही शब्द दिलाय.”

“दिलाय,” आप्पा म्हणाले. “टेम्पोवाल्याला म्हशीला गिऱ्हाईक बघायलाबी सांगितलंय. पिशवी भरून ठिवलीय घरी. पण हितं आमच्यात एक रीत हाय. तिकीट दाखवल्याबिगर गाडी हलत न्हाई.”

त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि संदीपच्या मनगटावर बांधलं. संदीप हसायला लागला. “आप्पा, हे काय?”

“खेळ हाय. समद्यांनी खेळलाय. प्रवीण, घे त्याचा मोबाईल.”

प्रवीणनं मोबाईल हातात घेतला. संदीप बाकड्यावर बसला. आप्पा त्याच्यापुढं स्टुलावर.

“नाव?”

“आप्पा!”

“नाव सांग.”

“संदीप.” प्रवीणनं आकडा वाचला. शांत.

“सकाळी काय खाल्लंस?”

“पोहे.” आकडा शांत.

“सूनबाई बरी हाय?”

“बरी आहे. तुमची वाट बघतेय.” आकडा शांत. आप्पांनी मान हलवली. एक उसाचा ट्रक गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी विचारलं, आवाज असा की बाजूला बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आला, “आन् तुझं, कामाचं? समदं बरं चाललंय न्हवं?”

“हो, आप्पा. एकदम मस्त,” संदीप म्हणाला. तो हायवेकडं बघत होता.

प्रवीणनं आकडा वाचला नाही. वाचायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला. मग त्याच्या हातातला मोबाईल कोकलायला लागला. पडद्यावर अक्षरं आली, मला बसल्या जागेवरून दिसली. “आप्पांचे ठोके वाढले आहेत. कृपया विश्रांती घ्या.”

दिलीपराव सवयीनं ‘विना’ म्हणाले आणि मंदाताईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. माझाही हात पुढं झालेला होता. मी तो खिशात घातला. मंगळवारी ऑफिस सोडून गाडी कशी आली, त्याचा हिशोब आता लागला होता.

आप्पांनी मोबाईलकडं बघितलंच नाही. ते उठले, संदीपच्या मनगटावरचं घड्याळ तसंच राहू दिलं आणि आत बघून म्हणाले, “मंदे, एक चहा वाढव गं. आन् त्या टेम्पोवाल्याला फोन लाव. म्हशीला गिऱ्हाईक नको म्हणावं. घरात दूध पिणारं माणूस वाढलंय.”